अल्टोची जागा

मधली येणार आहे हे आईने शनिवारी सकाळी चहा गाळता गाळता जाहीर केलं.

“दुपारच्या गाडीने येतेय. मी बोलावलंय. कोणाला काही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घ्या. ती आल्यावर वाकडी तोंडं मला चालणार नाहीत.”

म्हणायचं सगळ्यांनाच होतं. पण आई ‘म्हणून घ्या’ म्हणाली की या घरात कोणी काही म्हणत नाही, हा पन्नास वर्षांचा नियम. पन्नास म्हणजे बरोबर पन्नास. उद्या, रविवारी, आई-बाबांच्या लग्नाला तेवढी वर्षं पूर्ण होणार होती आणि चर्चमध्ये आभाराची उपासना ठरली होती.

बाबांनी कानामागे हात धरला. “कोण येतंय?”

“मधली!” आई ओरडली.

“बरं,” बाबा म्हणाले आणि कपात फुंकर मारत बसले. फुंकर मात्र जरा जोरात गेली आणि चहा टेबलावर सांडला. आईने तो पुसून टाकला आणि बाकीच्यांनी आपापल्या कपात डोकं घातलं.

थोरल्याने कप खाली ठेवला. थोरला म्हणजे त्याच चर्चचा पाळक. घरातही तो बोलायला लागला की समोर बाकं मांडल्यासारखं वाटायचं. “आई, उद्याची उपासना मी चालवणार आहे. निदान मला आधी विचारायचंस.”

“तिला जन्माला घालताना तुला विचारलं होतं का?”

धाकट्याला हसू फुटलं. ते त्याने पावाच्या तुकड्याबरोबर कसंबसं गिळलं. थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी, तिने चमचा एकदा उजवीकडे ठेवला, मग डावीकडे ठेवला आणि उठून आत गेली. आईचं सगळीकडे लक्ष असतं, तसं तिथेही गेलं. पण एका वेळी एकच आघाडी, असं ठरवून ती गप्प बसली.

आता हे घर काय प्रकरण आहे ते ध्यानात घ्यायला हवं, नाहीतर एका मुलीच्या येण्याने एवढं काय बिघडतं ते कळायचं नाही. खाली वर्कशॉप, वर घर. वर्कशॉपमध्ये पियानो आणि ऑर्गन दुरुस्त होतात. आधी आजोबांनी केले, मग बाबांनी, आता बाबा खुर्चीवर बसून सांगतात आणि धाकटा करतो. जिन्यात कायम सरसाचा आणि जुन्या लोकरी नमद्याचा वास. आणि या घरात जेवणाआधी प्रार्थना म्हणत नाहीत, गातात, तेही चार आवाजांत. सगळ्यात वरचा सोप्रानो आईचा, त्याखालचा अल्टो मधलीचा, मग टेनर थोरल्याचा आणि तळाला बास बाबांचा. धाकटा जन्मतः बेसूर. पियानो तो मशीन लावून सुरात आणतो, पण गाताना त्याला फक्त तोंड हलवायची परवानगी. कोणी विचारलं तर तो सांगतो, “मी यांचा श्रोता आहे, आणि तोही फुकटचा.”

त्या चारांतला अल्टो सोळा-सतरा वर्षांपूर्वी गेला. म्हणजे मधली गेली. कशी गेली, तर अशी: चर्चच्या गॅलरीत गायकवृंद उभा होता. गीत होतं बाबांनी स्वतःच्या लग्नासाठी बसवलेलं, चार कडव्यांचं. मधली तेव्हा गायकवृंदाची पुढारी, मुलांच्या रविवारच्या वर्गाची शिक्षिका, चर्चमधल्या सगळ्या आयांनी आपापल्या पोरींना ‘तिच्याकडे बघून शीक’ म्हणून सांगावं अशी. तिसरं कडवं संपलं आणि ती शेजारी उभ्या आईला हळूच म्हणाली, “आई, मला हे आता खरं वाटत नाही. मी नाही म्हणणार.” हळूच म्हणाली खरी, पण त्या चर्चच्या छताखाली कुजबुजलेलंही शेवटच्या बाकापर्यंत जातं. आणि ती गॅलरीचा लाकडी जिना उतरून, मधल्या वाटेने चालत, दाराबाहेर गेली. चौथं कडवं त्या दिवशी कोणी म्हटलं नाही.

तिच्या बाबतीत काहीही घडलेलं नव्हतं, हीच खरी पंचाईत. कोणी मेलं नव्हतं, कोणी फसवलं नव्हतं, वेगळ्या धर्माच्या कोणाशी लग्नबिग्नही करायचं नव्हतं. तसं असतं तर लोकांना चार दिवस बोलायला विषय झाला असता आणि मग विसरले असते. पण एका शहाण्या, प्रेमळ, भल्या मुलीचा विश्वास असा आपोआप आटला, हे कोणाला पचेना. थोरल्याला तर अजिबातच नाही.

आणि तेव्हापासून या घरात अल्टो कोणी गात नाही. बाबांनी सांगितलं, “ती जागा तशीच राहू दे.” एवढंच. पुढे एक शब्द नाही. जेवणाआधी तीनच आवाज लागतात आणि मध्ये भोक राहतं. ऐकणाऱ्याला ते कळतं, न कळणाऱ्यालाही काहीतरी चुकल्याचं कळतं.

थोरल्याने त्याचा अर्थ लावला की ही शिक्षा आहे. मधलीच्या कानावर ते धाकट्याकडून गेलं आणि तिने अर्थ लावला की आपल्याला मेलेली धरलंय. ती परत आलीच नाही. आईला तेवढी दर आठवड्याला फोन करायची, दुपारी, बाबा झोपलेले असताना. अर्थ लावण्यात ही माणसं पटाईत. विचारण्यात मात्र सगळी एकजात आळशी.

*

वहिनी आत जाऊन पडद्याच्या दोरीशी उगाच खेळत उभी होती. तिला राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते सुचत नव्हतं.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा खूश होती. तिचा गळा अल्टोचा, आणि घरात अल्टोची जागा रिकामी. याहून बरं काय असतं? पहिल्याच जेवणाला तिने सूर लावला, तर सासऱ्यांनी हात वर केला. “तू सोप्रानो गा, बाळ. ती जागा भरलेली आहे.” भरलेली! तिथे चिटपाखरू नव्हतं. तेव्हापासून ती सासूच्या सावलीत, न झेपणाऱ्या पट्टीत, नुसती श्वास सोडल्यासारखी गात आली होती. ज्या नणंदेला तिने कधी पाहिलंही नव्हतं तिचा तिला मनस्वी राग होता. सोडून गेली ती गेली, वर जागाही अडवून बसली!

थोरला आत आला. “तू काही बोलली नाहीस.”

“मी काय बोलणार? तुमच्या घरात मी धड गातही नाही.”

“ऐक. ती आज पश्चात्ताप करणार असेल तर उत्तमच. सगळ्यांसमोर क्षमा मागितली तर मी स्वतः तिचा हात धरून तिला गॅलरीत नेईन. पण नसेल करणार…” तो थांबला. “तर उद्या अल्टो तू गायचास.”

वहिनीने दोरी सोडली. “बाबा गाऊ देतील?”

“बाबांचं वय झालंय. कुठेतरी हे संपवायला हवं.”

तिला आनंद झाला. मग आपल्याला आनंद झाला याचीच जरा लाज वाटली. तरी आनंद झाला तो झालाच.

*

मधली आली ती एका बॅगेनिशी आणि डोक्यावर पांढरे केस घेऊन. ते केस बघून धाकटा दारातच म्हणाला, “अगं ताई, तू तर आईहून म्हातारी दिसतेस!” आणि तिने त्याला बॅग फेकून मारली. चला, सुरुवात तर बरी झाली.

आई रडली. मग रडल्याबद्दल स्वतःवरच चिडली आणि “गाडीत काही खाल्लंस की तशीच आलीस?” म्हणून खेकसली. बाबा खाली वर्कशॉपमध्ये होते. मधली जिना उतरून गेली. ते उघड्या पियानोसमोर खुर्ची टाकून बसले होते, पाठ दाराकडे. ती तीनदा “बाबा” म्हणाली. तिसऱ्यांदाही ते वळले नाहीत. तेव्हा ती पुढे झाली आणि तिने पियानोची एक पट्टी दाबली.

ते वळले. “आलीस?”

“कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?”

“येतं की. पट्टी ऐकू आली ना?”

मधली दुसऱ्या गावात कान तपासायचं काम करते. माणसांना काचेच्या खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली, तोंडावर हात धरून काहीतरी बोलली आणि विचारलं, “काय म्हणाले मी?”

“काहीतरी म्हणालीस. शब्द नाही कळले. आवाज तुझाच होता.”

“बाबा, तुमचे वरच्या पट्टीतले सगळे ध्वनी गेलेत. म्हणून शब्द कळत नाहीत. लोकांची तोंडं बघून अंदाज करता ना?”

“कोणाला सांगू नकोस,” बाबा म्हणाले. “थोरल्याचं प्रवचन आता मला फार आवडतं.”

ती हसली आणि हसता हसता त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवून बसली. तिला विचारायचं होतं की माझी जागा अशी बंद करून का ठेवलीत. पण धीर झाला नाही. तेवढ्यात जिन्यावर सगळ्यांची पावलं वाजली. उद्याच्या गाण्याची तालीम होती.

*

वर्कशॉपमध्ये निम्मे पियानो पोट उघडून उभे होते. धाकट्याने बाकांवरचे हातोडे आणि तारांची भेंडोळी सरकवून जागा केली. आई मध्यभागी उभी राहिली आणि म्हणाली, “मला या लग्नाच्या वाढदिवसाला साडी नको, दागिना नको. चार आवाज हवेत. चारही. मोजून घेणार आहे.”

थोरला पुढे झाला. त्याने रात्रभर (तसा तो आईवर रागावला असला तरी मधली येणार याची कुणकुण त्याला कालच लागली होती) शब्द जुळवून ठेवले होते.

“ताई नाहीस तू माझी, धाकटी आहेस. तरी तू मला प्रार्थना करायला शिकवलीस, हे मी विसरलेलो नाही,” तो म्हणाला. “म्हणून सांगतो. उद्या मंडळीसमोर एक वाक्य बोल. मी चुकले, मला क्षमा करा. बाकी मी सांभाळतो.”

“दादा, मी चुकले असं मला वाटत नाही.”

“क्षणभर धरून चाल की वाटतं.”

“म्हणजे खोटं बोलू? चर्चमध्ये? तू सांगतोयस?”

धाकट्याने खोकल्याचं निमित्त केलं. थोरला लाल झाला. “ज्याला देव कधी कळलाच नाही त्याची गोष्ट वेगळी. तुला कळला होता. कळून तू सोडलास. अशा माणसाला मागितल्याशिवाय क्षमा नाही, आणि मागितल्यावरही आहे की नाही यावर मोठमोठ्या लोकांचं एकमत नाही. मी तुला सगळ्यात स्वस्तातली वाट दाखवतोय.”

“मला नकोय स्वस्तातलं काही. मी देवाला शिव्या दिल्या नाहीत. तुमच्या कोणाचा विश्वास मोडायला आले नाही. मला एक गोष्ट खरी वाटेनाशी झाली आणि ती खरी वाटतेय असं गाणं मला जमेना. त्यासाठी क्षमा मागितली तर पुन्हा तेच होईल रे. न वाटणारं म्हणणं.” ती दोन पावलं मागे सरकली. “मी मागच्या बाकावर बसते. आईच्या लग्नाचा वाढदिवस आहे. मला ऐकायचंय, एवढंच.”

“मागच्या बाकावर बसून चौथा आवाज कुठून काढणार? पोटातून?” आई म्हणाली.

“चौथा आवाज आहे,” थोरला म्हणाला आणि त्याने बायकोकडे पाहिलं.

वहिनी पुढे आली. तिने डोळे मिटले आणि गीताची पहिली ओळ अल्टोत गायली. आणि काय गायली! इतकी वर्षं जो गळा परक्या पट्टीत घुसमटला होता तो आपल्या घरी आला. उघड्या पियानोंच्या तारासुद्धा गुणगुणायला लागल्या. आईचं तोंड उघडं राहिलं. मधलीच्या तोंडून आपसूक “अगं!” निघालं.

बाबांनी हात वर केला.

“सुरेख,” ते म्हणाले. “फार सुरेख, बाळ. पण ती जागा रिकामी नाही.”

मग मात्र वहिनीचा बांध फुटला. “बाबा, पुरे झालं! सोडून गेलेल्या माणसाची जागा भरलेली आणि घरात राबणाऱ्या माणसाला जागा नाही, हा कुठला न्याय? शिक्षा तिला द्यायची होती ना? मग ती मी का भोगतेय?”

“शिक्षा?” बाबांनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, शब्द बरोबर वाचला ना याची खात्री केली. “शिक्षा कोण म्हणालं?”

सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने पियानोकडे पाहिलं.

“थोरल्या, ऑर्गन वाजवणारे मास्तर वारले तेव्हा आपण काय केलं?”

“दुसरे आणले.”

“हां. मेलेल्या माणसाची जागा भरतात. भरावीच लागते.” बाबा खुर्चीचा हात धरून उभे राहिले. “जिवंत आहे, येणार आहे, तिची कशाला भरू? पियानोची तार तुटली तर नवी येईपर्यंत आपण तिथे दुसरं काही ठोकून बसवतो का? जागा मोकळी ठेवतो. एवढं साधं! वर्कशॉपात वाढलेली पोरं तुम्ही, आणि तुम्हाला शिक्षा वाटली?”

मधली मटकन बाकावर बसली, एका हातोड्यावरच. “मला वाटलं तुम्ही मला मेलेली धरलंय.”

“मेलेली धरली असती तर हिला त्याच दिवशी गाऊ दिलं नसतं का? हिचा गळा तुझ्याहून बरा आहे.”

“अहो!” आई म्हणाली.

“आहे तर आहे.”

आणि इथे मधली हसायला लागली. रडत होती आणि हसत होती, आणि वहिनीही तशीच, कारण एवढं कौतुक तिचं या घरात आजवर झालं नव्हतं. मधलीने नाक पुसलं. “वहिनी, अल्टोला एकच गळा लागतो असं कुठे ठरलंय?”

“म्हणजे?”

“म्हणजे दोघी गाऊ. तू शब्द गा. तुला ते खरे वाटतात. मी नुसता सूर धरते, आ-कारात. माझं त्यात खोटं काही होणार नाही.”

“इतकी वर्षं,” आई सगळ्यांवर नजर फिरवत म्हणाली, “हे तुमच्यापैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये? दोन बायका शेजारी शेजारी उभ्या करायच्या, झालं! कसली डोकी पोसली मी!”

“तुझ्याही नाही आलं,” धाकटा म्हणाला आणि मार खाल्ला.

थोरल्याचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. “स्तुतिगीत आहे ते! शब्दांशिवाय स्तुती कसली? देवासमोर उभं राहून नुसतं आ आ करायचं?”

बाबा त्याच्याजवळ गेले. “मला आता शब्द ऐकू येत नाहीत, थोरल्या. हिने आत्ताच तपासलंय. तुझं प्रवचन मला गेली कित्येक वर्षं नुसतं गुणगुणल्यासारखं येतं. पण सूर येतो. कोण मनापासून गातंय आणि कोण उरकतंय ते कळतं. मला एवढं कळतं. आणि देवाचं वय तर माझ्याहून कितीतरी जास्त.”

धाकटा सोडून कोणी हसलं नाही. थोरल्याचा चेहरा पडला. “मी आशीर्वाद देणार नाही,” तो म्हणाला. “तुम्ही गा. मी टेनर गाणार नाही.” आणि जिना चढून गेला.

वहिनी त्याच्यामागे निघाली, दोन पायऱ्या चढली आणि परत खाली आली. “पहिल्या कडव्यात तू श्वास कुठे घेतेस?” तिने नणंदेला विचारलं.

*

रविवारी चर्च भरलं होतं. थोरला व्यासपीठाजवळच्या उंच खुर्चीत बसला होता, अंगात पांढरा झगा, मांडीवर हात. प्रवचन त्याने दिलं. आभार मानले. सगळं नीट झालं. मग गॅलरीत घरची मंडळी उभी राहिली आणि बाकांवर कुजबुज उठली. मधलीला सगळ्यांनी ओळखलं. तोच लाकडी जिना ती एकेक पायरी मोजत चढली होती. वहिनीने मागून तिच्या पाठीला हात लावून ठेवला होता.

गीत सुरू झालं. तळाला बाबा, वर आई, आणि मध्ये दोघी: एक शब्द म्हणणारी, एक नुसता सूर धरणारी. इतक्या वर्षांनी मधली जागा भरली आणि आईचा आवाज पहिल्याच ओळीला सैल झाला, मोकळा झाला. बाकांवरची माणसं माना वर करून बघायला लागली.

आणि थोरल्याला भोक ऐकू आलं.

कालपर्यंत ते अल्टोत होतं. आज टेनरमध्ये होतं. प्रत्येक ओळीत, बास आणि अल्टोच्या मध्ये, जिथे आपण असायला हवं तिथे कोणी नाही, हे त्याला छातीत टोचल्यासारखं कळत होतं. वर गॅलरीत, घरच्यांशेजारी, गायकवृंदातले तीन टेनर उभे होते. बाबांनी त्यांच्यातल्या एकालाही गायला सांगितलं नव्हतं. ते नुसते उभे होते. म्हणजे आता माझी जागा राखलीय, त्याच्या मनात आलं. गाण्याच्या मध्ये सोडून गेलेला आज मी आहे.

खरं सांगायचं तर मधली गेली त्या दिवसापासून तो भ्यालेला होता. जिने प्रार्थना शिकवली तिचाच विश्वास जातो, तर आपला किती दिवस टिकेल? तिने ‘चुकले’ म्हटलं असतं तर ती भीती गेली असती. म्हणून हवी होती त्याला ती क्षमा. देवासाठी नव्हे, स्वतःसाठी. हे त्याला दुसऱ्या कडव्याच्या मध्यात कळलं आणि त्याला इतकं हलकं वाटलं की तो उभाच राहिला.

झगा सावरत तो मधल्या वाटेने चालत निघाला. सगळ्या माना त्याच्याबरोबर वळल्या. गॅलरीचा जिना तो धाडधाड चढला, आणि तिसऱ्या कडव्याच्या पहिल्या शब्दावर त्याचा टेनर लागला. धापा टाकत, अर्धा सूर कमी, पण लागला. मधलीने न थांबता हात पुढे केला आणि त्याने तो घट्ट धरला. बाबांनी मान हलवली. बरोबर, आला.

तिसरं कडवं संपलं. मागच्या खेपेला जिथे सगळं तुटलं होतं, तिथे ते पोचले. बाबांनी श्वास घ्यायची खूण म्हणून हात वर केला, आणि थोरला मध्येच बोलला.

“ही माझी बहीण,” तो म्हणाला. त्या छताखाली ओरडायची गरज नव्हती. “तिने क्षमा मागितलेली नाही. तिने आज तुमच्याशी खोटं बोलायला नकार दिला आहे. इतकी वर्षं मी तुम्हाला सांगत आलो की सोडून गेलेल्याला क्षमा आहे की नाही हे त्याच्या मागण्यावर आहे. मी भीतीने सांगत होतो. ती या घरातून कधी गेलीच नव्हती. तिची जागा राखलेली होती, आणि मी ती जागा शिक्षा म्हणून तुम्हाला दाखवत होतो. क्षमा मला हवी आहे. तिच्याकडून, माझ्या बायकोकडून आणि तुमच्याकडून.”

मधलीने हात सोडला नाही. “दिली रे,” ती म्हणाली. “आता रडू नकोस, सूर जाईल.”

बाबांनी आईकडे बघून भुवया उंचावल्या. “काय म्हणाला तो?”

“तुम्हाला आवडलं असतं!” आई त्यांच्या कानात ओरडली, आणि अख्खं चर्च हसलं, पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत. मग तिने पदराने डोळे पुसले आणि चौघांवर नजर फिरवली. “भाषणं घरी. चौथं कडवं राहिलंय माझं, किती वर्षांचं. उभे राहा नीट.”

धाकटा बाजूला तोंड हलवायच्या तयारीत उभा होता. आईने त्यालाही खुणावलं. “तूसुद्धा. आवाज काढून.”

“मी? आई, सगळं बिघडेल!”

“बिघडू दे,” आई म्हणाली आणि तिने वरचा सूर लावला.